निमित्ताशिवायची संध्याकाळ

मराठी वाचकाला गोंदिया जिल्हा माहीत आहे तो जंगलाच्या वाटेने. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’, मारुती चितमपल्लींचं नवेगावबांधविषयीचं लेखन, अलीकडे सारस पक्ष्यांवर वर्तमानपत्रांतून येणारे लेख, यांतून वाघ, अस्वल, रानकुत्री आणि तलाव घरोघरी पोचले. गोंदिया शहर मात्र या लेखनात जवळपास नाही; असलंच तर गाडीतून उतरून पुढची बस धरण्याचं ठिकाण म्हणून. २०११च्या जनगणनेत या शहराची वस्ती एक लाख बत्तीस हजारांच्या घरात होती. इथं वाढणारी, शिकणारी, नोकरीची वाट पाहणारी वीस-बावीस वर्षांची मुलं-मुली संध्याकाळी काय करतात, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. त्यांना स्वतःला विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: इथं काहीच नाही. हे उत्तर मला पटत नाही. गोंदियात छोट्या आनंदांची वाण नाही, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक आनंद दुसऱ्या कशाच्या तरी निमित्ताने घ्यावा लागतो. मुलाला ते निमित्त बसल्या जागी सापडतं. मुलीला ते घरी सांगावं लागतं, पटवावं लागतं आणि वेळेत परतून खरं करून दाखवावं लागतं. या शहराला मॉलपेक्षा जास्त गरज आहे ती ‘काय काम आहे?’ असं कुणी विचारणार नाही अशा जागेची.

शहर असं का घडलं, याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८०च्या दशकात इथून गेली, १८८७मध्ये बंगाल-नागपूर कंपनी स्थापन होऊन तिने तो मार्ग ताब्यात घेतला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून जबलपूरकडे छोटी लाइन निघाली. जंक्शन झालं, म्हणून बाजारपेठ झाली. आजूबाजूचा धान इथं येऊन भरडला जाऊ लागला, तेंदूपानांवर विडीचा धंदा उभा राहिला, गुजराती, मारवाडी, सिंधी व्यापारी स्थिरावले. माल उतरवायचा, चढवायचा आणि हिशेब मिटवायचा, अशा कामासाठी वसलेलं हे गाव आहे. इथं राजवाडा नाही, किल्ला नाही, संध्याकाळी टेकायला नदीचा घाट नाही. गोरेलाल चौक असो की चांदनी चौक, बांधणी दुकानांच्या सोयीची आहे. दुकानासमोर थांबलेला माणूस एक तर गिऱ्हाईक असतो किंवा अडथळा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि कचेऱ्या आल्या, २०१६मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि पुढे प्रवासी विमानंही उतरू लागली. या सगळ्याचा अभिमान वाटणं रास्त आहे. पण कामाशिवाय बसण्याची जागा या यादीत कुठेच आली नाही, कारण ती कुणी मागितलीच नाही.

मागितली नाही, कारण तरुणांनी दुसऱ्यांच्या कामाच्या कडेने आपली सोय लावून घेतली. स्टेशन हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. मुंबई-हावडा मार्गावरचं हे जंक्शन. विदर्भ एक्स्प्रेस इथूनच मुंबईला सुटते आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस इथून कोल्हापूरला, म्हणजे राज्याच्या एका टोकाहून पार दुसऱ्या टोकाला. दहा रुपयांच्या प्लॅटफॉर्म तिकिटावर दोन तास बाकावर बसता येतं, येणारी-जाणारी माणसं पाहता येतात, आणि ‘मित्राला सोडायला आलो’ हे उत्तर तयार असतं. अभ्यासिका हे दुसरं उदाहरण. महिन्याची फी भरून एक खुर्ची, एक दिवा, वर पंखा, उन्हाळ्यात कुलर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा तो कुलर हाच मोठा मोह असतो. तिथं राज्यसेवा, तलाठी, बँक, रेल्वे अशा परीक्षांचा अभ्यास चालतो हे खरंच. पण अभ्यासिकेबाहेरच्या चहाच्या ठेल्यावर दर दोन तासांनी जो अर्धा तास जातो, त्यात मैत्र्या होतात, तुटतात, पुस्तकं हातोहात फिरतात, कुणाचा निकाल लागला त्याच्या खिशातून आलूबोंडे येतात. त्या ठेल्यावरची दोस्तीची भाषा बहुधा हिंदी, घरी कुणाची पोवारी, कुणाची छत्तीसगढी, कुणाची झाडीबोली, आणि परीक्षेची मराठी. तीन भाषा अशा सहज बदलणारी मुलं मुलाखतीत मात्र ‘आमची भाषा शुद्ध नाही’ म्हणून आवाज खाली घेतात. त्यांच्या डोक्यात हे कुणी भरवलं, हा वेगळ्या लेखाचा विषय.

ठेल्याचं गुणगान करताना खर्रा विसरून चालणार नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधलेला हा पदार्थ पूर्व विदर्भातल्या तरुणांच्या टाईमपासचा जवळजवळ कायमचा सोबती आहे. राज्यात अशा तंबाखूजन्य पदार्थांवर बंदी असूनही तो पानठेल्यावर मिळतो. त्यामागचं एक कारण निमित्ताच्या या अर्थव्यवस्थेतच आहे. जिथं काही विकत घेतल्याशिवाय उभं राहता येत नाही, तिथं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळ टिकणारी वस्तू विकत घेतली जाते. चहा पाच मिनिटांत संपतो, खर्रा तासभर पुरतो. मुख आरोग्याच्या भाषणांत तोंडाचे फोटो दाखवतात, ते दाखवावेतच. पण त्या पोराला संध्याकाळचा तो तास फुकट काढण्यासाठी दुसरी जागा कुठं आहे, हे त्या भाषणात कधी येत नाही.

हे सगळं मुलांचं झालं. गोंदिया जिल्ह्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या, राज्याची सरासरी तेव्हा ९२९ होती. मुलीचा जन्म न नाकारण्याच्या बाबतीत हा जिल्हा राज्यातल्या श्रीमंत जिल्ह्यांपेक्षा कितीतरी पुढारलेला. मग संध्याकाळी सात वाजता कोणत्याही चौकातल्या ठेल्यावर नजर टाकली तर हे ९९९ कुठं जातात? दिवसा त्या दिसतात. कॉलेजच्या रस्त्यावर, कोचिंगच्या जिन्यात, स्कूटीवर स्कार्फ बांधून, झेरॉक्सच्या दुकानात. म्हणजे बाहेर पडायला त्यांना मनाई नाही. विनाकारण बाहेर थांबायला आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉयटर?’ या २०११च्या पुस्तकाने मुंबईबद्दल नेमकं हेच दाखवलं होतं: सर्वांत मोकळ्या समजल्या जाणाऱ्या शहरातही स्त्रीला सार्वजनिक जागेत आपण कामासाठी आलो आहोत हे अंगावर वागवावं लागतं. मुंबईत निदान मरीन ड्राइव्हचा कठडा आहे, तिथं समुद्र हेच कारण पुरतं. गोंदियात तेवढीही पळवाट नाही, शिवाय चौकातल्या प्रत्येक तिसऱ्या माणसाला तिच्या वडिलांचं नाव माहीत असतं.

वेळेचाही प्रश्न आहेच. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९मध्ये देशभर केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या ८१.२ टक्के स्त्रिया घरातल्यांसाठी विनामोबदला घरकाम करताना आढळल्या, पुरुष २६.१ टक्के. जे हे काम करतात त्यांच्यातही स्त्रीची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. हे आकडे देशाचे आहेत, एकट्या गोंदियाचे नाहीत. पण कॉलेजहून परतलेल्या मुलीची संध्याकाळ कणकेत आणि भावाची संध्याकाळ चौकात जाते हे समजायला जिल्ह्याचा वेगळा आकडा लागत नाही. म्हणून मुलींचे आनंद कामाच्या पोटात दडलेले असतात. झेरॉक्स काढायला दोघींनी जायचं आणि वाटेत गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीवर थांबायचं. शिवणाच्या क्लासला लवकर निघायचं. मैत्रिणीच्या लग्नाच्या खरेदीला आईच्या आधी हजर राहायचं. यात मौज नाही असं कोण म्हणेल? चोरून घेतलेल्या अर्ध्या तासाची चव वेगळीच, हेही खरं. पण चोरी ही नेहमीची रीत झाली की आपण काही तरी चुकीचं करतो आहोत ही भावनाही नेहमीची होते.

या मुद्द्याचा सर्वांत बोलका पुरावा पोलीस भरतीच्या सरावात आहे. भरतीची मैदानी चाचणी पन्नास गुणांची: मुलांना १६०० मीटर धावणं, मुलींना ८००, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. शासकीय नोकऱ्यांत महिलांना तीस टक्के आरक्षण आहे, त्यामुळे जिल्ह्यातल्या गावागावांतून मुली या तयारीला लागल्या. पहाटे, अंधार पुरता सरण्याआधी, ट्रॅकसूट घालून रस्त्यावर आणि मैदानावर धावणारी मुलगी आता कुणाला खटकत नाही. वीस वर्षांपूर्वी हेच दृश्य गावाला पचलं नसतं. आई स्वतः उठवते, बाप सायकलवर मागे राहतो, शेजारी कौतुक करतात. मग तीच मुलगी, तेच मैदान, पण वेळ संध्याकाळची आणि हेतू नुसतं पायरीवर बसून मैत्रिणीशी बोलण्याचा असला, की भुवया वर जातात. पहाटेचा अंधार संध्याकाळच्या उजेडापेक्षा सुरक्षित असतो असं तर कुणी म्हणणार नाही. बदललेली गोष्ट एकच, तिच्याजवळचं कारण. समाजाला मुलीचं घराबाहेर असणं झेपत नाही असं आपण म्हणतो ते अर्धवट आहे. नोकरी मिळणार असेल तर समाजाला ते उत्तम झेपतं.

गंमत अशी की या मुलखाच्या खेड्यांनी निमित्ताचा प्रश्न फार पूर्वी आपल्या परीने सोडवला होता. दिवाळी संपली, धान कापणीला आला की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. घरोघरी पाहुणे, सासुरवाशिणी माहेरी, दिवसा बाजार, खेळण्यांची आणि मिठाईची दुकानं, दंडार, आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटकधंद्याचं केंद्र. तिथल्या कंपन्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव प्रयोग लावतात आणि रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटे पडतो. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकाच्या दर्जावर शहरी समीक्षक नाक मुरडतात, मुरडोत. मला महत्त्वाचं वाटतं ते प्रेक्षागृह: शेतात टाकलेल्या त्या मंडपात पोरीबाळी, म्हाताऱ्या, नव्या सुना रात्रभर घराबाहेर असतात आणि कुणी विचारत नाही, कारण सगळं गावच बाहेर असतं. मंडईत सोयरिकी जुळतात, तशा न जुळणाऱ्या नजराही जुळतात, आणि वडीलधारे त्याकडे थोडी डोळेझाक करतात. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, तिथंही तरुणाईला अशीच मोकळीक मिळते. पण ही सोय वर्षातल्या ठरावीक दिवसांची. गावात ती पुरते, कारण उरलेलं वर्ष रोवणी, निंदण, कापणीने भरलेलं असतं आणि बायकांच्या हसण्या-बोलण्याला धानाच्या बांधीतच जागा असते. शहरातल्या मुलीकडून बांधी गेली आणि मंडईही जवळजवळ गेली. त्यांच्या जागी तिला काय मिळालं, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

मोबाइल मिळाला, असं उत्तर येईल. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि निमित्ताशिवाय मिळणारा पहिला आनंद प्रत्येकाच्या हातात आला. रील पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. या मुलांना चौक हवेत कशाला, ती तर पडद्यात गुंग आहेत, असा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. मला कारण आणि परिणाम यांची इथं उलटापालट झालेली दिसते. ज्याला बाहेर बसायला जागा नाही तो आत पडद्याकडे वळतो. शिवाय ही मुलं पडद्यावर टाकतात तरी काय? हाजरा फॉलचं पाणी, नवेगावबांधचा तलाव, डोंगरगडच्या पायऱ्या. नवरात्रात तिथल्या बम्लेश्वरीच्या दर्शनाला गोंदियाहून गाड्या भरून जातात, आणि त्या गर्दीत दर्शनाइतकीच ओढ दिवसभर घराबाहेर मैत्रिणींबरोबर असण्याची असते. फोन बाहेरच्या जगाची भूक वाढवतो, भागवत नाही. आणि घरातल्या एका खोलीत चार माणसांदेखत वापरलेला फोन म्हणजे मोकळी जागा नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तिरोड्याला ३३०० मेगावॉटचा वीजप्रकल्प उभा आहे, भातगिरण्या आहेत, तरी पदवीधरांना जिल्ह्यात पुरेसं काम नाही. पोरं नागपूर, पुणे, हैदराबाद गाठतात. अशा ठिकाणी बाकडी आणि गप्पा यांवर लेख लिहिणं म्हणजे भरल्या पोटाची चैन, असं कुणी म्हणेल. रोजगार आधी, हे मान्यच. पण रोजगार येईपर्यंतची वर्षं मोजा. बारावीनंतर पदवी, मग भरतीच्या जाहिरातीची वाट, मग पुढे ढकललेली परीक्षा, मग प्रतीक्षा यादी. अठरा ते अठ्ठावीस हा सगळा काळ ‘तयारी’ या एका शब्दात जातो. या दहा वर्षांत माणूस जगत असतो, त्याचं वय थांबलेलं नसतं. ज्याला नोकरी लागेपर्यंत हसण्याचा हक्क नाही असं घर आणि गाव दोन्ही सुचवत राहतात, तो नापास झाल्यावर नुसता परीक्षेत नापास होत नाही. आणखी एक व्यवहाराची बाजू. बाहेरून नेमणुकीवर आलेले तरुण शिक्षक, परिचारिका, बँकेतले कर्मचारी, डॉक्टर इथं रमावेत अशी जिल्ह्याची गरज आहे. त्यांच्यासाठी घर, पगार, शाळा यांचा विचार होतो. ड्यूटी संपल्यावर एकट्या स्त्रीने कुठं जायचं, याचा होत नाही. बदलीच्या अर्जात ‘संध्याकाळ’ असं कारण कुणी लिहीत नाही, एवढंच.

सुरक्षिततेचा मुद्दा उरतो, आणि तो आई-बापांचा असल्यामुळे हलक्याने घेण्यासारखा नाही. चौकात टवाळ पोरं असतात, छेडछाड होते, म्हणून मुलीला घरी ठेवायचं. यावर पोलिसांची गस्त हवीच. पण जी जागा फक्त पुरुषांची झाली तीच मुलीला असुरक्षित होते, आणि मुली तिथून जितक्या हटतात तितकी ती आणखी पुरुषांची होते. हे चक्र तोडायला आजी, लहान मुलं, विवाहित जोडपी, कॉलेजकन्या अशी मिसळलेली वर्दळ लागते. सुभाष बाग आहे, इंदिरा गांधी स्टेडियम आहे. कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची नाही. अशा जागांमध्ये काय उणं आहे ते फार मोठ्या खर्चाचं नसतं: चांगला उजेड, स्वच्छ आणि उघडं असलेलं स्त्रियांचं स्वच्छतागृह, पाठ टेकता येईल असे बाक, आणि अंधार पडला की कुलूप न लावणारा रखवालदार. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यात अनुदानित वाचनालयांचं जाळं उभं केलं. त्यांतल्या वाचनकक्षात परीक्षेची पुस्तकं न घेताही मुलीला नुसती कथा-कादंबरी वाचत बसता आलं पाहिजे, आज बहुतेक टेबलं स्पर्धापरीक्षेने व्यापली आहेत.

शेवटचा आक्षेप खेड्यांच्या वतीने. जिल्ह्याची सोळा-सतरा टक्केच वस्ती शहरी, मग शहराचे एवढे लाड कशाला? पण गोंदियाच्या कॉलेजांत बसलेली मुलं पाहा: गोरेगाव, आमगाव, तिरोडा, सालेकसा इथून रोज अप-डाऊन करणारी. त्यांच्यासाठी शहराची संध्याकाळ शेवटच्या बसला बांधलेली आहे. १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, शाळकरी मुलींसाठी मानव विकास योजनेच्या निळ्या बसगाड्या धावतात. या दोन्ही योजनांनी मुलींना शहरापर्यंत आणलं याबद्दल सरकारला श्रेय द्यायला हवं. पण तास संपल्यावर मैत्रिणीबरोबर तासभर थांबायचं तर परतीची गाडी राहत नाही, आणि मुलाला मागून लिफ्ट देणारी मोटारसायकल मिळते ती तिला मिळत नाही. म्हणजे एक उशिराची बस तालुक्याच्या रस्त्यांवर वाढवली तर शहरातल्या कोणत्याही बागेइतकाच तिचा उपयोग आहे.

तेव्हा गोंदिया, तिरोडा, आमगावच्या वाचकांना एवढंच सांगणं. प्रभागात मतं मागायला येणाऱ्यांना आपण रस्ता, नाली, पाणी विचारतो. ते विचारून झालं की आणखी तीन प्रश्न विचारा. रात्री नऊपर्यंत दिवे चालू असलेली बाग कोणती? तिथल्या बायकांच्या संडासाची किल्ली कुणाकडे असते? आणि तालुक्याला जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते? उत्तरं लिहून घ्या, आणि पुढच्या वर्षी ताडून पाहा.